कोरड्या तलावांतली मुले

१९५० सालच्या झावळ्यांच्या रविवारी लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस, लाँग बीच शहराच्या वेशीवर, घरविक्रीच्या एका कचेरीपुढे सुमारे पंचवीस हजार माणसे जमली होती. महायुद्धावरून परतलेले सैनिक, त्यांच्या तरुण पत्नी, कडेवर मुले. समोर उघडे रान होते. काही वर्षांपूर्वीपर्यंत तेथे घेवड्याचे पीक घेतले जाई. त्या रानावर उभ्या राहावयाच्या नगराचे नाव होते लेकवुड. पुढील तीन वर्षांत तेथे सुमारे साडेसतरा हजार घरे बांधली गेली. कामगारांच्या टोळ्या एकामागून एक येत. एक टोळी पाया खणून पुढे जाई, दुसरी त्यात काँक्रीट ओती, तिसरी लाकडी सांगाडा उभा करी. कारखान्यात मोटार तयार व्हावी तशी तेथे घरे तयार होत असत.

हे सारे कोणासाठी, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर एकच उत्तर मिळाले असते: मुलांसाठी. शहरातील कोंदट खोल्या, धूर, गुंडगिरी यांपासून मुलांना दूर न्यावे, त्यांना अंगण मिळावे, शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असावी, ही त्या पिढीच्या आईबापांची आकांक्षा होती. १९४४ सालच्या कायद्याने माजी सैनिकांना घरासाठी सुलभ कर्जाची सोय झाली होती आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील विमानांच्या कारखान्यांत नोकऱ्या होत्या. या स्वप्नाला एक काळी किनार होती, तीही येथेच नोंदवितो. आरंभीच्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबांना लेकवुडमध्ये घर विकले जात नसे.

उपनगरांची टिंगल करणे फार सोपे आहे. एकसारखी घरे, एकसारखी हिरवळ, एकसारखी माणसे, असे अमेरिकेतील विद्वान त्या काळापासून म्हणत आले आहेत. लेकवुडचेच रहिवासी आणि कॅथलिक लेखक डी. जे. वॉल्डी यांनी १९९६ साली आपल्या नगरावर ‘होली लँड’ म्हणजे ‘पवित्र भूमी’ या नावाचे पुस्तक लिहिले. आईवडिलांनी घेतलेल्या घरातच ते राहिले आणि त्याच नगराच्या पालिकेत त्यांनी नोकरी केली. सामान्य माणसाच्या त्या सामान्य घरांकडे वॉल्डी ज्या ममतेने पाहतात, ती ममता आम्हांस टीकाकारांच्या उपहासापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. भाड्याच्या खोलीत वाढलेल्या माणसाला स्वतःच्या दाराची किल्ली म्हणजे काय, हे टीकाकारांना कोण सांगणार?

तरीही एक गोष्ट या नगररचनाकारांच्या ध्यानातून निसटली. त्यांनी लहान मुलांचा विचार केला, मोठ्यांचाही केला. मधल्या वयाचा केला नाही. पाच वर्षांच्या बालकाला अंगण पुरते आणि बापाजवळ मोटार असते. दहा ते सोळा या वयाच्या मुलाने काय करावे? कॅलिफोर्नियात गाडी चालविण्याचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. बस क्वचित. दुकाने, चित्रपटगृहे, समुद्रकिनारा हे सारे कित्येक मैलांवर. राहण्याच्या वस्तीत दुकान नको, दुकानांच्या वस्तीत घर नको, असा तेथील कायद्यांचा एकूण कल होता. त्यामुळे आमच्याकडील मुलाला नाक्यावर, बाजारात, देवळाच्या पायरीवर आपोआप जे जग पाहावयास मिळते, ते त्या मुलाच्या वाट्याला येत नव्हते. दुपारी तीनला शाळा सुटे, वडील सहाला परतत. मधले तीन तास आणि उन्हाळ्याची अख्खी सुट्टी समोर पसरलेली असे. आणि समोर रस्ता, रुंद, गुळगुळीत, निर्मनुष्य.

त्या रस्त्यावरच हा खेळ जन्मास आला.

आपल्याकडे मुले लाकडी फळीला जुनी बॉल बेअरिंगे लावून उतारावरून गाडी सोडतात, ती वाचकांनी पाहिली असेल. स्केटबोर्डचा जन्म काहीसा असाच झाला. स्केट्सची चाके काढून ती फळीच्या तुकड्याखाली ठोकण्याचा उद्योग मुले पूर्वीपासून करीत होती. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाटांवर स्वार होणाऱ्या मुलांनी त्याला वळण दिले. समुद्र शांत असेल त्या दिवशी तीच अंगलट, तोच तोल त्यांनी रस्त्यावर आणला. लवकरच कारखान्यांत तयार फळ्या निघू लागल्या. १९६३ साली हर्मोसा बीच येथील एका शाळेच्या आवारात स्पर्धा झाली. १९६५च्या मे महिन्यात ‘लाइफ’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅगी ही तरुणी फळीवर हात टेकून उलटी उभी असलेली झळकली. या खेळाच्या आरंभीच मुलगी होती, हे लक्षात ठेवावे. पुढे कित्येक वर्षे मुलांनी तो आपलाच करून टाकला आणि मुलींना काठावर उभे केले.

पण त्या वेळची चाके मातीच्या कठीण मिश्रणाची असत. वाटेत एक खडा आला की चाक जागीच अडे आणि स्वार तोंडावर आपटे. हातपाय मोडले, डॉक्टरांनी इशारे दिले, अनेक नगरपालिकांनी रस्त्यावर फळी चालविण्यास बंदी घातली. १९६५ अखेर हे वेड ओसरले. उपनगरांना हायसे वाटले असावे.

ते परत आले एका चाकामुळे. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने १९७०च्या सुमारास व्हर्जिनिया राज्यातील पर्सेलव्हिल येथील एका कारखान्यात युरेथेन या प्लास्टिकसदृश पदार्थाची चाके पाहिली. ती स्केटिंगच्या बंदिस्त सभागृहांसाठी बनविलेली होती. तेथे त्यांना फारसा उठाव नव्हता. नॅसवर्दीने ती फळीला लावून पाहिली. चाक खड्यावर अडेना. ते किंचित दबून खडा ओलांडू लागले. वळणावर त्याची पकड सुटेना आणि आवाजही कमी झाला. तो कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथे आला आणि ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने ती चाके विकू लागला. १९७३ नंतर पाहता पाहता सारा किनारा पुन्हा फळ्यांवर चढला. पूर्वी सपाट रस्त्यावर तोल सांभाळणे एवढाच जो खेळ होता, तो आता भिंतीवर चढू शकत होता. एखाद्या लहानशा जिन्नसाने एखाद्या पिढीची चाल बदलावी, याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. आमच्या मते हे त्यांपैकी एक होय.

भिंती कोठे होत्या? नगराने त्या नकळत बांधून ठेवल्या होत्या. टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या शाळांची मैदाने डांबराची व कडेने तिरकी चढती होती. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी काँक्रीटचे रुंद नाले होते, जे वर्षातील दहा महिने कोरडे असत. शिवाय घरोघरी पोहण्याचे तलाव होते. सुखवस्तू कॅलिफोर्नियाची ती खूण. मूत्रपिंडाच्या आकाराचे, तळाशी गोलाई दिलेले ते तलाव भरलेले असताना पोहणाऱ्यांचे होते. रिकामे झाले की ती एक गोठलेली लाट होती. १९७६ व १९७७ ही दोन वर्षे कॅलिफोर्नियात भीषण अवर्षणाची गेली. पाण्यावर निर्बंध आले आणि अनेक तलाव कोरडे पडले. ज्या घरांचे मालक सोडून गेले होते, जी घरे वणव्यात जळाली होती, त्यांच्या मागील अंगणातही कोरडे तलाव होते. मुले कुंपणावरून उडी मारून आत शिरत, तळाशी साचलेले घाण पाणी बादल्यांनी किंवा पंपाने उपसत, एकाला पहाऱ्यास बसवीत आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत खेळत.

या काळातील सर्वांत गाजलेली टोळी सांता मोनिका व व्हेनिस या समुद्राकाठच्या पडझड झालेल्या वस्तीतली. जेफ हो, स्किप एंग्ब्लम आणि क्रेग स्टेसिक यांच्या दुकानाभोवती ती जमली होती. टोनी अल्वा, जे ॲडम्स, स्टेसी पेराल्टा ही त्यांतली नावे. पेगी ओकी ही एकटी मुलगी. १९७५ साली डेल मार येथील स्पर्धेत त्यांनी जुन्या, कसरतवजा खेळाला धक्का दिला. ही मुले नीटनेटक्या उपनगरातील नव्हती. पुष्कळांची घरे मोडलेली होती. त्यांच्या कथेतला एक प्रसंग मात्र आमच्या मनात घर करून राहिला आहे. सांता मोनिकातील एका धनिक कुटुंबात दुर्धर आजाराने खिळलेला एक मुलगा होता. त्याने वडिलांपाशी हट्ट धरला की आपला तलाव रिकामा करा आणि माझ्या मित्रांना त्यात खेळू द्या. वडिलांनी ते ऐकले. आतापर्यंत चोरून खेळणाऱ्या मुलांना प्रथमच कोणीतरी आपले फाटक उघडून दिले होते. १९७७ साली याच तलावाच्या काठावरून अल्वा फळीसह हवेत उसळला आणि परत आत उतरला. त्यानंतर हा खेळ जमिनीचा राहिला नाही. इतिहासकार त्या उडीचे वर्णन करतात. आम्हांला त्या बापाचे अधिक वाटते, ज्याने मरणाऱ्या लेकराच्या शब्दाखातर आपला तलाव उपसला.

उपनगरातील मुलांची खरी कथा मात्र आत, समुद्रापासून दूर आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी, अपलँड नावाचे गाव आहे. एकेकाळी लिंबू-संत्र्यांच्या बागांसाठी ते प्रसिद्ध होते. बागा तोडून घरे आली. उन्हाळ्यात शहराचा धूर वाऱ्याबरोबर येऊन डोंगराला अडे आणि तेथेच थांबे. किनाऱ्यावरील पोरे या भागाला हिणवीत, आणि येथल्या पोरांनी आपल्या मुलखाला स्वतःच ‘बॅडलँड्स’ म्हणजे भाकड जमीन असे नाव घेतले. त्यांच्यापाशी लाट नव्हती. परंतु डोंगरावरील धरणाजवळ काँक्रीटची एक अजस्र नळवाट होती, ज्यात उभा माणूस सहज मावे. मुले तेथे चालत जाऊन तिच्या गोल भिंतींवर फळ्या चढवीत. १९७७ साली स्टॅन व जीन हॉफमन या दांपत्याने अपलँडमध्ये याच खेळासाठी एक मैदान बांधले व त्यात तशीच गोल नळी ओतवून घेतली. नाव ‘पाइपलाइन’. स्टीव्ह अल्बा व मिकी अल्बा हे भाऊ तेथलेच. कंटाळवाण्या, धुरकट गावातली ही मुले आता किनाऱ्यावरच्यांना हरवू लागली.

१९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत अशी पैसे देऊन खेळावयाची मैदाने भराभर निघाली. कॅलिफोर्नियातील पहिले कार्ल्सबाड येथे १९७६ साली. त्यांची अखेर करण्यास कोणा नीतिवाद्याची गरज पडली नाही. ते काम विमा कंपन्यांनी केले. मूल पडे, हात मोडे, पालक न्यायालयात जात. विम्याचा हप्ता वाढे. मालक दार लावी. कार्ल्सबाडचे मैदान १९७९ साली बंद झाले आणि त्यावर माती लोटण्यात आली. डेल मारचे १९८७ साली, अपलँडचे १९८८ साली. पुढे काँक्रीट फोडून काढले गेले. एका पिढीचा खेळ फोडावयाला बुलडोझर लागला, हे वाचताना हसावे की रडावे कळत नाही.

मैदाने गेली तेव्हा मुले पुन्हा रस्त्यावर आली. पण आता ती वेगळी विद्या घेऊन आली होती. फ्लोरिडातील ॲलन गेलफँड या मुलाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस हातांचा आधार न घेता भिंतीवरून फळीसह उसळण्याची युक्ती काढली. त्याच राज्यातील गेन्सव्हिलच्या रॉडनी मलन याने १९८०च्या दशकाच्या आरंभी ती सपाट जमिनीवर साधली. मागच्या पायाने फळीची शेपटी जमिनीवर आपटावी, त्याच क्षणी पुढचा पाय फळीवरून पुढे घासत न्यावा; फळी जणू पायाला चिकटून वर येते. वाचावयास सोपे, साधावयास महिने लागतात. या एका युक्तीमुळे पदपथाची कड, पायऱ्या, जिन्याचा कठडा, बाकडे, बँकेसमोरचा कट्टा या सर्व वस्तू खेळाच्या झाल्या. साऱ्या उपनगराचे मैदान झाले, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागेना.

मलनविषयी आणखी थोडे सांगावेसे वाटते. त्याचे वडील दंतवैद्य, कडक शिस्तीचे. फळी त्यांनी एका अटीवर घेऊ दिली: पुरेशी संरक्षक साधने घालावयाची आणि एकदा जरी गंभीर इजा झाली तरी खेळ संपला. १९७७च्या पहिल्या दिवशी त्या मुलाला फळी मिळाली. घर गावाबाहेर शेतावर होते, आसपास सोबती नव्हते. तो गॅरेजमध्ये एकटाच तासन्‌तास सराव करी. १९८० साली, जेमतेम चौदाव्या वर्षी, त्याने कॅलिफोर्नियात जाऊन स्पर्धा जिंकली. बापाला मात्र हा उद्योग कधी मानवला नाही. याच्या उलट सान दिएगोचा टोनी हॉक. १९६८ साली, आईवडिलांच्या उतारवयात झालेला हा मुलगा बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने अतिशय हेकट होता. नवव्या वर्षी थोरल्या भावाने आपली जुनी फळी त्याच्या हाती दिली. वडील फ्रँक हॉक यांनी या मुलाला गाडीत घालून मैदानोमैदानी नेले. खेळाला संघटना नाही असे पाहून १९८३ साली राष्ट्रीय संघटनाच उभी केली. पोरगा मात्र कधीकधी बापाच्या या सततच्या उपस्थितीने ओशाळून जाई. एका बापाची मनाई, दुसऱ्याचा अतिउत्साह. मुले दोन्हींतून तरली, कारण दोघेही बाप घरात होते. आम्ही हे वाक्य विचारपूर्वक लिहीत आहोत.

नगरांची वागणूक या काळात कशी होती? दुकानांच्या आवारात बंदीचे फलक लागले. शाळांना उंच कुंपणे आली. कट्ट्यांच्या कडांवर लोखंडी खुंट्या ठोकण्यात आल्या, जेणेकरून फळी घसरू नये. मुलांच्या फळ्या जप्त होत, दंड होई. ‘स्केटबोर्डिंग हा गुन्हा नव्हे’ अशा अर्थाच्या चिकटपट्ट्या १९८०च्या दशकात खांबाखांबांवर दिसू लागल्या. त्या चिकटविणे हाही एक लहानसा गुन्हाच होता, हे मुलांना ठाऊक असावे.

या मुलांना संत ठरविण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी दुसऱ्यांच्या आवारात घुसखोरी केली, संगमरवराच्या कडा फोडल्या, वृद्धांना धास्तावले. दारू व अमली पदार्थ त्यांच्यात मुबलक होते. ज्याच्या अंगी सर्वांत उपजत कला होती तो जे ॲडम्स पुढे व्यसने आणि तुरुंग यांत वर्षानुवर्षे अडकला. उत्तरायुष्यात तो आपल्या ख्रिस्तश्रद्धेविषयी उघडपणे बोलत असे. २०१४ साली ५३व्या वर्षी तो वारला. एस्कोन्डिडो या उपनगरात वाढलेला मार्क रोगोव्स्की किशोरवयातच पैशात लोळू लागला. १९९१ साली त्याने एका तरुणीची हत्या केली, नंतर स्वतः जाऊन कबुली दिली, आणि त्याला दीर्घ कारावास झाला. त्या तरुणीच्या घरच्यांना या खेळाच्या वैभवाची कथा ऐकविण्याचे धाडस कोणी करू नये.

मात्र उलट बाजूही पाहावी. ज्या लेकवुडपासून आम्ही आरंभ केला तेथे क्रीडांगणांची वाण नव्हती. पालिकेची उद्याने होती, बेसबॉल व फुटबॉलचे संघ होते, प्रशिक्षक होते, आणि बापही शनिवारी मैदानावर हजर असत. त्याच लेकवुडमध्ये १९९३ साली हायस्कूलच्या काही मुलांना अटक झाली. त्यांनी आपली एक टोळी केली होती आणि मुलींशी केलेल्या संबंधांचे गुण मोजण्याची त्यांच्यात चढाओढ होती. बहुतेकांवरचे आरोप पुढे मागे घेण्यात आले. पण काही पालकांनी दूरचित्रवाणीवर येऊन मुलांचे जे समर्थन केले त्याने देश अवाक झाला. ही फळीवाली मुले नव्हती. त्यांच्यात गावाचे लाडके खेळाडू होते, मान्यताप्राप्त खेळांचे. त्या सुमारास शीतयुद्ध संपून विमानांच्या कारखान्यांतल्या नोकऱ्याही झपाट्याने जात होत्या. मैदान दिले की मुलगा सुधारतो, हे आमच्याकडेही व्यासपीठावरून ऐकू येणारे वाक्य त्या घटनेपुढे टिकत नाही.

मैदानाचा प्रश्न कॅलिफोर्नियाने अखेर सोडविला, आणि तो कायद्याने सोडविला. १९९७ साली विधिमंडळाने स्केटबोर्डिंगला धोकादायक क्रीडाप्रकारांच्या यादीत घातले. अर्थ असा की चौदा वर्षांवरील मुलगा सार्वजनिक मैदानात आपणहून कसरत करताना पडला तर त्याची जोखीम त्याची. पालिकेने शिरस्त्राण, कोपर व गुडघ्यांची आवरणे सक्तीची करावीत म्हणजे झाले. खेळ धोक्याचा आहे असे कायद्याने कबूल केल्यावर तो पालिकांसाठी सुरक्षित झाला! जानेवारी १९९८ पासून हा कायदा लागू झाला आणि ज्या नगरांनी काल फळ्या जप्त केल्या होत्या त्यांनीच आज काँक्रीट ओतावयास घेतले. ऑरेगॉन राज्यातील पोर्टलँडच्या मुलांनी कायद्याची वाट पाहिली नव्हती. १९९० साली बर्नसाइड पुलाखालच्या, गर्दुल्ल्यांनी व्यापलेल्या अंधाऱ्या जागेत त्यांनी स्वतःच सिमेंट कालवून उतार बांधले. तेथील उपद्रव कमी झालेला पाहून शेजारच्या व्यापाऱ्यांनी त्यांची बाजू घेतली आणि नगराने मागाहून मान्यता दिली.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. १९९९ साली टोनी हॉकने हवेत अडीच गिरक्या घेतल्या, त्याच्या नावाचा व्हिडिओ खेळ जगभर खपला, आणि २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या मुलीने या खेळात सुवर्णपदक मिळविले. आता पालक शिकवणी लावतात.

परंतु जो प्रश्न कायद्याच्या कक्षेत येत नव्हता तो तसाच राहिला. चाळीस वर्षे नगरपिते, पोलीस, विमावाले आणि मुले एकाच गोष्टीवर भांडत होते: या मुलांनी कोठे खेळावे? ही मुले दिवसचे दिवस घराबाहेर का असतात, हे विचारण्याचे फारसे कोणाला सुचले नाही. उपनगर कंटाळवाणे आहे, हे उत्तर सर्वांनाच सोयीचे होते. मुलांनाही.

या प्रश्नाला हात घातला तो त्यांच्यातल्याच एकाने, आणि त्यांच्याच हत्याराने. १९८४ साली स्टेसी पेराल्टाने आपल्या चमूच्या खेळाची पहिली व्हिडिओ फीत काढली तेव्हापासून या मुलांना एकमेकांचे चित्रण करण्याची सवय जडली होती. कोठल्याही गावातील टोळीत एकाच्या हाती कॅमेरा असे. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड या, कारखाने बंद पडून थंडावलेल्या शहरात तो बिंग लिऊच्या हाती होता. चीनमध्ये जन्मलेला हा मुलगा आईबरोबर अमेरिकेत आला आणि सावत्र बापाच्या घरी वाढला. त्याने आपल्या मित्रांचे चित्रण दहाएक वर्षे केले. उड्यांचे, गिरक्यांचे, पडण्याचे. हळूहळू तो उड्यांमधल्या वेळात प्रश्न विचारू लागला. मग एकेकाचे घर उलगडत गेले. एकाला बाप मारीत असे, आणि आता बाप हयात नाही, तरी त्याच्याविषयीची माया व राग दोन्ही सुटत नाहीत. दुसरा स्वतः कोवळ्या वयात बाप झाला आहे आणि त्याच्या मुलाच्या आईवर त्याचा हात उठतो. ज्याच्या पायाखाली फळी असताना अंगात देखणा तोल असे, त्याचा घरात शिरताच तोल जाई.

‘माइंडिंग द गॅप’ या नावाने हा माहितीपट २०१८ साली आला आणि पुढील वर्षी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्यातील एक मुलाखत लिऊने सर्वांत शेवटी घेतली असावी असे पाहताना वाटते. त्याने आईला कॅमेऱ्यापुढे बसविले आहे. स्वतःलाही चौकटीत घेतले आहे. सावत्र बाप त्याला मारीत असे, ते तिला किती ठाऊक होते, हे तो तिला विचारतो. ती सावकाश, अडखळत उत्तर देते.